मी बसवलेला पाहुणा

त्या दिवशी मी कोल्हारला गेले ती खरं तर फाईलमध्ये कोरे कागद घालायला. गोजरबाईंच्या फाईलचे कागद संपले होते, आणि कागद संपले की त्यांची सून रुपाली मिळेल त्यावर लिहून ठेवायची. एकदा तिनं गोळी दिल्याची वेळ पिशवीवर लिहिली आणि मग त्याच पिशवीत ज्वारी भरून ती गिरणीला पाठवून दिली. म्हणून म्हटलं, आपणच जाऊन यावं.

माझं नाव रेश्मा. राहायला बाभळेश्वरला. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा, पार्थ. मी एका दवाखान्याच्या घरभेटीच्या पथकात नर्स आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांच्या घरी जायचं, दुखणं आटोक्यात ठेवायचं, जखम धुवायची, घरच्यांना धीर द्यायचा, आणि हे सगळं लिहायचं. लोकांना वाटतं नर्स म्हणजे सुई टोचणारी बाई. आमचं निम्मं आयुष्य लिहिण्यात जातं हे कुणी सांगितलं असतं, तर मी नर्सिंगच्या शाळेत गेलेच नसते.

फाईल रुग्णाच्या घरीच राहते. रात्री-अपरात्री दुसरं कुणी आलं तरी त्याला सगळं कळावं म्हणून. मी लिहून झालं की पानाचा फोटो काढते आणि डॉक्टरांना पाठवते. पानावर रकाने असतात. दुखणं किती, झोप किती, खाणं काय, आपण काय केलं. आणि एक रकाना असतो ‘रुग्णाचे शब्द’. तिथं रुग्ण जे बोलला ते त्याच्याच भाषेत उतरवायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. मला हा रकाना फार आवडायचा. दुखणं शून्य ते दहा अशा आकड्यात विचारायचं असतं, पण गोजरबाई आण्यात सांगायच्या. “आज आठ आने दुखतंय.” मी तेच लिहायचे. आमचे रिझवान डॉक्टर वैतागायचे. “सिस्टर, फाईल आहे की बाजाराची चिठ्ठी?” मी म्हणायचे, सोळा आणे म्हणजे दहा, बाकीचं गणित तुम्ही करा.

गोजरबाईंना गर्भाशयाचा कॅन्सर होता, आणि तो आता सगळीकडे पसरला होता. प्रवरेच्या कडेला, उसाच्या मधोमध त्यांची वस्ती. बाई सत्तरीच्या, अंगावर मांस उरलं नव्हतं, पण जीभ शाबूत. त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील लष्करात, लेहच्या बाजूला. त्याची रजा मंजूर झाली होती आणि तो निघालाही होता. बाईंचा जीव त्याच्यात अडकला होता. त्यांनी खाट मुद्दाम दाराच्या समोर लावून घेतली होती. सुनील फाटकातून आत येताना दिसला पाहिजे, आणि त्याच्याशी शुद्धीत बोलता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं. मला त्या फार आवडायच्या. रुग्णात जीव गुंतवू नये असं आम्हाला शिकवतात, पण शिकवणारे कोल्हारला आले नव्हते.

दुपार होती. रुपाली मागं धुणं धूत होती. मी खाटेजवळ टेकले आणि फाईल उघडली.

“आज किती, आजी?”

“बारा आने.”

“काल आठ होते की.”

“काल त्यो लांब हुता. गोठ्यापाशी.” त्यांनी हनुवटीनं दाराकडं खूण केली. “आज उंबऱ्याला येऊन हुबा हाय. चपला हातात धरून.”

दारात कुणी नव्हतं. अंगणात ऊन होतं आणि एक कोंबडी पायानं माती उकरत होती.

“कोण आहे? ओळखीचा?”

“मला न्हाई वळखू येत. पर त्यो मला वळखतो.” एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

आता हे आम्हाला नवं नाही. शेवटच्या दिवसांत माणसांना माणसं दिसतात. गेलेली आई दिसते, नवरा दिसतो, कधी अनोळखी कुणी. आम्हाला शिकवलेलं असतं की ‘तिथं कुणी नाही’ असं रुग्णाला कधीही म्हणायचं नाही. त्यांना जे दिसतं ते मान्य करायचं, त्यातली भीती काढायची. मी हे पाठ केलेलं. शिवाय आपल्याकडं दारात आलेल्याला ताटकळत ठेवत नाहीत. मी आपली हसून दाराकडं वळले आणि मोठ्यानं म्हटलं, “अहो, उन्हात का उभे? या आत. बसा.”

दाराशेजारी लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. जड माणूस बसला की तिचे पाय जरा फाकतात आणि करकर वाजतात, तशी ती वाजली.

मी खुर्चीकडं पाहिलं. ती रिकामी होती. उन्हानं प्लॅस्टिक वाजतं, मी मनाशी म्हटलं.

गोजरबाई खाटेवर उठून बसू पाहत होत्या. आठ दिवस ज्या बाईला कूस बदलता येत नव्हती ती उठू पाहत होती. “आगं बाई… काय केलंत ह्ये? तुमाला कोन म्हनलं हुतं त्येला बोलवायला?”

“आजी, घाबरू नका…”

“आठ दिस मी तोंडातनं ‘ये’ म्हनून काढलं न्हाई. सुनेला काढू दिलं न्हाई. त्येला बोलावल्याबिगर येता येत न्हाई, म्हनून त्यो हुबा हुता. आन तुमी शिकल्यासवरल्याली बाई… खुर्ची दिलीत त्येला!” त्यांचा आवाज फुटला. “माझा सुन्या याचा हाय अजून…”

मी त्यांचे हात चोळले, पाणी पाजलं, दुखण्याचं औषध दिलं. मग फाईलमध्ये नीट लिहिलं: ‘रुग्णाला दारात अनोळखी पुरुष दिसतो. रुग्णाच्या समाधानासाठी त्यास आत बोलावून बसण्यास सांगितले. त्यानंतर अस्वस्थता वाढली.’ अक्षर सुंदर आलं होतं. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि निघाले. खरं सांगते, गाडीवर बसल्यावर मला थोडं हसूही आलं होतं. उंटावरच्या शहाणीला दुसरं काय येणार?

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर रुपालीचा फोन आला. ती हळू बोलत होती, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसं. “सिस्टर, येताय का? आई रातभर झोपल्या न्हाईत. डोळं मिटंनात. आन घरात वास येतोय कसला तरी…”

मी पोचले तेव्हा उन्हं उसाच्या शेंड्यावर आली होती. वस्तीवरची कुत्री एरवी माझ्या गाडीमागं फाटकापर्यंत भुंकत यायची. आज ती गोठ्याच्या पलीकडं ओळीनं बसली होती आणि घराकडं बघत होती. दारात पाय ठेवला आणि मलाही वास आला. चूल पाणी ओतून विझवली की ओल्या राखेचा जो वास येतो, तो. रुपाली गॅसवर स्वयंपाक करते. त्या घरात चूल नव्हतीच.

लाल खुर्ची आता दाराशी नव्हती. खाटेला लागून, गोजरबाईंच्या उशाशी होती.

“तू सरकवलीस?” मी रुपालीला विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

मी सवयीनं त्या खुर्चीवर टेकायला गेले आणि गोजरबाई ओरडल्या, “तिथं नगा बसू!” मी जी दचकले ती सरळ जमिनीवर बसले. त्यानंतर त्या घरात मी जे काही लिहिलं ते मांडी घालून, जमिनीवरच लिहिलं.

“किती दुखतंय, आजी?”

“सोळा आने.” ओठ सुकून पांढरे पडले होते, डोळे मात्र ताठ उघडे. “दुखन्याचं सोडा. मला झोप येतीया, बाई. मी झोपले की त्यो माझा हात धरनार. सारखा हात फुडं करतोय… म्हनतोय, चला.”

तेवढ्यात रिझवान डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी कालचं पान वाचलं होतं, आणि रात्रभर झोप नाही हे मी सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं चित्र स्पष्ट होतं: रुग्णाला भास, झोप नाही, तगमग. “दुखण्याचा डोस वाढवा आणि झोपेचं इंजेक्शन द्या, सिस्टर. शांत झोपू दे त्यांना.” डॉक्टर चांगला माणूस आहे. त्यानं चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या सुंदर अक्षरावरूनच त्यानं हे ठरवलं होतं.

मी इंजेक्शन भरलं. गोजरबाईंनी सुईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ओरडल्या नाहीत. रडक्या आवाजात म्हणाल्या, “सुन्या सकाळी मनमाडला उतरतोय. एक रात, बाई. माझी एवढी एक रात राखा. तुमाला पन ल्योक हाय न्हवं?”

मी सुई खाली ठेवली. दुखण्याचं औषध वाढवून दिलं, ते तर द्यायलाच हवं होतं. पण झोपेचं नाही.

“आजी, मग काय करू? तुम्हीच सांगा.”

त्यांनी खुर्चीकडं न बघता, फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यानं तिचा अंदाज घेतला. मग मला जवळ बोलावलं आणि कानाशी पुटपुटल्या. “पावना आपल्या आपुन उठत नसतो… ज्यानं बसवला, त्यानंच त्येला वाटंला लावायचा असतो.”

रुपाली दाराशी उभी राहून तोंडावर पदर धरून ऐकत होती. मला भीती वाटत होती, आणि माझी मलाच लाजही वाटत होती. बावीस गावं फिरणारी, मुडद्यांना अंघोळ घालणारी बाई मी, आणि एका रिकाम्या खुर्चीशी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते. शेवटी मी फाईल मिटली, पर्स खांद्याला लावली आणि खुर्चीकडं तोंड करून उभी राहिले.

“चला,” मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही. “आजींना बरं नाही. त्यांचा मुलगा यायचाय. मी निघालेच आहे, तुम्हाला फाट्यापर्यंत सोडते.”

बराच वेळ काही झालं नाही. मग खुर्ची करकरली. तिचे फाकलेले पाय पुन्हा जवळ आले, मी ते डोळ्यांनी पाहिलं. ओल्या राखेचा वास माझ्या अगदी जवळून, डाव्या खांद्यावरून गेला. गोजरबाईंनी एक लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले. पहिल्यांदाच.

मी अंगणात आले, स्कूटी स्टॅंडवरून काढली, बसले. आणि थांबले. कशाची वाट पाहतेय हे मला कळत होतं, पण तसं म्हणायला जीभ रेटत नव्हती. मग मागची बाजू खाली दबली. दोन माणसं बसली की दबते तेवढीच.

वस्तीपासून फाट्यापर्यंतचा रस्ता दोन्हीकडून उसाचा. दिवसाही तिथं बिबट्याची भीती असते. त्या दिवशी बिबट्या समोर आला असता तर मला आनंद झाला असता. उजेड झपाट्यानं कमी होत होता. गाडी जड चालली होती, चढाला इंजिन कण्हत होतं. मी आरसा आधीच उलटा फिरवून ठेवला होता. मानेवर श्वास वगैरे काही लागला नाही, तसं सांगितलं तर ते खोटं होईल. फक्त वजन होतं, आणि वास. आणि उसाच्या पाचटाची सळसळ, जी आमच्याबरोबर पुढं पुढं सरकत होती.

मला भीती वाटली की माझं तोंड सुटतं. लहानपणापासूनचं आहे. गप्प बसले तर मागून काहीतरी बोललं जाईल आणि ते मला ऐकावं लागेल, या भीतीनं मी बोलत सुटले. “ऊस तुटायला आला बघा… आमची नाही हो शेती, नवरा कारखान्यात आहे. बाभळेश्वरला घर आहे, पाण्याच्या टाकीमागं. निळं गेट. सासूबाई असतात. मुलगा आहे एक, पार्थ, यंदा दहावीला. हुशार आहे, पण रात्र रात्र जागतो, सांगून ऐकत नाही…” कुणी लिफ्ट घेतलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी मी बोलत होते. मागून हूं नाही की चूं नाही. पण ऐकलं जात होतं. बोलणाऱ्याला ते कळतं.

फाटा आला. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली होती, गाणी वाजत होती, चहाच्या टपरीवर दिवे लागले होते. माणसं, धूर, भज्यांचा वास. मला रडूच आलं. मी टपरीपासून थोडं अलीकडं गाडी थांबवली आणि म्हटलं, “आला फाटा. उतरा.”

गाडी हलकी झाली. अशी हलकी की माझे पाय जमिनीवर घसरले.

तिथून मी तशीच निघून जायला हवं होतं. पण सुटकेच्या आनंदात माणूस ढिला पडतो. पाहुण्याला वाटेला लावताना आपण जे नेहमी म्हणतो, जे आई म्हणायची, सासूबाई म्हणतात, जे म्हणताना त्याचा अर्थही मनात नसतो, ते माझ्या तोंडून सुटलं. “बरं मग. कधी आलात तिकडं, तर या घरी.”

म्हटलं आणि जीभ चावली. मागं बघायचं धैर्य झालं नाही. गाडी पिटाळत घरी आले.

सुनील दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी तिथं होते. गणवेशातच होता, खांद्यावर सॅक. गोजरबाईंनी त्याला फाटकातून आत येताना पाहिलं. हाका मारल्या, रागावल्या, वाळला आहेस म्हणाल्या. त्याच्या हातून दोन चमचे शिरा खाल्ला. “दुखतंय का गं?” असं त्यानं विचारलं, तर म्हणाल्या, “दोन आने.” दुपारभर त्या बोलत राहिल्या, सुनेचं कौतुक केलं, वाटणी सांगितली, कुठल्या आंब्याला पाणी द्यायचं ते सांगितलं. सुनीलनं एकदा हसवायला म्हटलं, “आई, तू तर माझ्यापेक्षा ठणठणीत हायस.” त्या म्हणाल्या, “जात्यातले रडत्यात, सुपातले हसत्यात, बाबा.” दिवस मावळायच्या आत गेल्या. हात त्याच्या हातात होता. मी इतकी मरणं पाहिली, अशी सुरेख मरणं थोडी पाहिली.

फाईल बंद करताना मी खरं तेच लिहिलं. ‘झोपेचे इंजेक्शन दिले नाही. रुग्णाने शुद्धीवर असताना नकार दिला. पाहुण्यास फाट्यापर्यंत सोडले.’ शेवटच्या ओळीवर रिझवान डॉक्टर खूप वेळ थांबले. “हे खोडा, सिस्टर,” ते म्हणाले. मी म्हटलं, जे केलं ते लिहिलंय. मग त्यांनी सही केली.

त्यानंतर मी घरात नियम केला. दारात अनोळखी कुणी आलं तर ‘या’ म्हणायचं नाही, ‘बसा’ म्हणायचं नाही, आधी मला हाक मारायची. नवरा हसला. पार्थ म्हणाला, “आई, तू घरी पण ड्युटी करतेस.” सासूबाई तर नाराजच झाल्या. पुष्पावती नाव त्यांचं, आणि स्वभाव असा की झाडू विकणाऱ्यालाही ओसरीवर बसवून चहा पाजतील. “आमच्या घरी आलं मानूस दारातनं परत गेलं न्हाई कधी,” त्या म्हणाल्या. तरी माझ्यासाठी कबूल झाल्या. दिवस गेले, काही झालं नाही. मी दाराकडं बघणं हळूहळू कमी केलं.

परवा रविवार होता. भर दुपार, स्वच्छ ऊन. नवरा ड्युटीवर. पार्थ त्याच्या खोलीत अभ्यासाला बसला होता. मी मागच्या पडवीत आठवड्याच्या फाईली पुऱ्या करत होते. सासूबाई पुढं ओसरीवर गहू निवडत होत्या. सुपाचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“कोन पायजे?” सासूबाईंचा आवाज.

उत्तर ऐकू आलं नाही.

“व्हय, हितंच राहती ती… आसं व्हय? लई लांबनं आलात मग.”

पुन्हा काही नाही. त्या बोलत होत्या, थांबत होत्या, बोलत होत्या. दुसरा आवाज नव्हताच. माझ्या हातातलं पेन कागदावर तसंच टेकलेलं, शाईचा ठिपका पसरत चाललेला मी बघत होते. मग एकदम उठले आणि पळाले. “आई! बोलू नका! आई, काही म्हणू नका त्यांना…”

सासूबाई सूप मांडीवर घेऊन एकट्याच बसल्या होत्या. निळं गेट उघडं होतं. ओसरीत ओल्या राखेचा वास भरला होता.

“आगं, ओरडतीस कशाला? तुझ्याच वळखीचं मानूस. तूच या म्हनली हुतीस म्हने, म्हनून आले.” त्या गहू चाळत म्हणाल्या. “नातवाचं नाव घेऊन इचारलं, पार्थ कुठाय. म्हनलं, आत हाय, अभ्यास करतोय, जा की. भला मानूस वाटला. गेले आत.”

पार्थच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून त्याचा आवाज येत होता. तो कुणाला तरी गणित समजावून सांगत होता, अगदी मन लावून, आणि मध्येच थांबत होता, समोरच्यानं काही विचारलं की आपण ऐकून घ्यायला थांबतो तसा. मी दाराच्या कडीला हात घातला. आत खुर्ची सरकली, आणि पार्थ हसत म्हणाला,

“चला की. फक्त आईला सांगून येतो.”